आडनाव तेच

दारावर पाटी लागत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्य अधिकाऱ्याच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीशी त्याचं काही काम नव्हतं. तो खाली क्लीन रूमकडे निघाला होता आणि रोजच्यासारखा जिन्याकडे जाताना मजल्याला एक वळसा घालत होता. देखभाल विभागातला सुतार शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता, तोंडात दोन स्क्रू धरून, करड्या रंगाची लांबट पाटी दाराला टेकवून बघत. सुताराच्या खांद्याआडून पाटीचा उजवा भाग तेवढा दिसत होता आणि त्या भागावर त्याचं आडनाव होतं. अर्धा सेकंद, फार तर पाऊण. तेवढ्यात त्याच्या आत काहीतरी भराभर वर चढलं, कानाच्या पाळ्या गरम झाल्या, हात आपसूक कॉलरकडे गेला. मग सुतार जरा बाजूला सरकला आणि आडनावाच्या आधीचं अक्षर दिसलं. ते त्याच्या नावाचं नव्हतं. त्याच्या बायकोच्या नावाचं होतं.

सुताराने तोंडातले स्क्रू काढले. "अभिनंदन, साहेब! घरातल्या घरातच राहिलं म्हणायचं." मग एकदम आवाज उतरवून, "दुपारी जाहीर होणारे. तोवर वर कागद चिकटवून ठेवायला सांगितलंय. तुम्हाला काय, ठाऊकच असणार."

"डावीकडे उतरलीय," तो म्हणाला.

"कुठे? सरळ आहे की."

"दोन मिलीमीटर उतरलीय. थांब, मी धरतो." आणि त्याने खरंच दोन्ही हातांनी पाटी धरली, डावं टोक केसभर वर घेतलं, सुताराने स्क्रू आवळेपर्यंत श्वास रोखून तसाच उभा राहिला. बोटांना पाटी थंडगार लागत होती. सगळं झाल्यावर त्याने वर कागद चिकटवायलाही मदत केली.

जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपण मोजतोय. शनिवारी संचालक मंडळाची बैठक झाली होती. आज मंगळवार. म्हणजे शनिवार संध्याकाळपासून हे तिला ठाऊक होतं. शनिवारी ती उशीच्या खोळी बदलत होती. रविवारी दुपारी तिने त्याला संत्रं सोलून दिलं होतं, फोडींवरचे पांढरे धागेसुद्धा एकेक करून काढलेले. इतकं निगुतीने सोललेलं संत्रं ती फक्त आजारी माणसाला देते. त्याला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण त्याने मुकाट्याने खाल्लं होतं, वर आणखी एक मागितलं होतं. खरं तर वर्षभर कंपनीत दुसरा विषय नव्हता. थोरले साहेब निवृत्त होणार, मग त्यांच्या खुर्चीवर कोण? पस्तीस वर्षांपूर्वी थोरल्या साहेबांनी भाड्याच्या एका शेडमध्ये बारा माणसांना घेऊन हा कारखाना काढला होता. आता अकराशे माणसं होती, उत्पादनाच्या दोन लाइनी होत्या, आणि इथल्या चिप मोटारींच्या काचा वरखाली करत होत्या, विजेच्या मीटरमध्ये होत्या, कपडे धुण्याच्या यंत्रांत होत्या. आपली वस्तू कुणाला दिसली म्हणजे समजायचं की काहीतरी बिघडलंय, असं थोरले साहेब नेहमी म्हणत. पंचवीस वर्षं तो कारखाना चालवत आला होता आणि ती, त्याची बायको, आधी गुणवत्ता, मग नवी उत्पादनं, मग मोठी गिऱ्हाइकं असं करत वर आली होती. लोक त्याचं नाव घ्यायचे. कुणी तोंडावर विचारलं की तो म्हणायचा, "मला आपली मशिनं बरी. ती मीटिंगा घेत नाहीत." हे वाक्य त्याने वर्षभरात इतक्या वेळा म्हटलं होतं की बहुतेक सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला होता. तिचाही बसला असेल. त्याचा स्वतःचाही बसत आला होता. मग तो अर्धा सेकंद कुणाचा होता?

क्लीन रूममध्ये शिरायच्या आधी कपडे चढवायची खोली लागते. आधी टोपी, मग तोंडावरची पट्टी, मग डोक्यापासून घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, बूट, शेवटी हातमोजे. माणसाच्या अंगावरून दर मिनिटाला हजारो कण झडतात, आणि त्यातला एक जरी वेफरवर पडला, म्हणजे त्या आरशासारख्या गुळगुळीत सिलिकॉनच्या चकतीवर, तर तिथली चिप मेली. म्हणून माणसाला गुंडाळायचं. त्याला ही खोली आवडायची. आत शिरलेला माणूस बाहेर पडताना नुसते दोन डोळे उरलेला असतो, आणि आज त्याला नेमकं तेवढंच उरायचं होतं. पण आरशापाशी मास्तरीणबाई उभ्या होत्या. पहिल्या लाइनीवरच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर, सगळे त्यांना याच नावाने ओळखत. तीस वर्षं झाली. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा झगा त्या आपल्या नजरेखालून घालायच्या, तसं कुणी त्यांना नेमलेलं नव्हतं तरी. थोरल्या साहेबांनाही त्यांनी एकदा परत फिरवलं होतं, दाढीच्या साबणाचा वास येतो म्हणून.

"सर, टोपीतून केस," त्या म्हणाल्या. त्याने केस आत सारले. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, ते खरं का?"

त्याला वाटलं, पाटीचं यांनाही कळलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? रविवारी माणसं आलेली ना. आपल्या लाइनीची जमीन मोजून गेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पायांत घालायला कव्हरं मीच काढून दिली. म्हणतात, आपली लाइन काढून टाकणार."

रविवारी तो घरी संत्रं खात होता. त्याला हे काहीच माहीत नव्हतं. कारखान्याचा प्रमुख आपण, आणि आपल्या कारखान्यात कोण येऊन काय मोजून गेलं हे आपल्याला कपडे चढवायच्या खोलीत कळतंय. सकाळपासून जे काही गिळलं होतं ते सगळं त्याच्या आवाजात उतरलं. "मोजू देत. मी असेपर्यंत पहिल्या लाइनीला कोणी हात लावणार नाही. शब्द देतो तुम्हाला."

मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पट्टीमुळे चेहरा दिसत नव्हता, डोळे तेवढे. त्या डोळ्यांत जो दिलासा यायला हवा होता तो आला नाही. "बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पिवळ्या खोलीत तो बराच वेळ उभा राहिला. वेफरवर नक्षी छापतात त्या भागात साधा पांढरा उजेड चालत नाही, म्हणून तिथले सगळे दिवे पिवळे. छतातून हवा सतत खाली वाहत असते आणि तिचा एकसुरी घुंघुं आवाज डोक्यात भरून राहतो. इथेच त्याची आणि बायकोची ओळख झाली होती, ओळख म्हणजे भांडण. ती नवीन आली होती, यील्डचं काम बघायला, म्हणजे शंभर चिपांतल्या किती चांगल्या निघाल्या आणि उरलेल्या का मेल्या हे शोधायला. दोघंही कायम झग्यात. तीन महिने तो तिच्या डोळ्यांशी भांडत होता. मग एकदा उपाहारगृहात ट्रे घेऊन रांगेत उभा असताना पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, "ओळख नाही दाखवलीत. काल तर तासभर माझं डोकं खात होतात." त्याने आवाजावरून ओळखलं आणि त्याच्या ट्रेमधलं पाणी सांडलं. तिचं म्हणणं होतं की रोज दुपारी बारा ते एकच्या बॅचमधल्या चिप जास्त मरतात, आणि दोष मशीनचा नसून इमारतीचा आहे. त्याचं म्हणणं होतं, इमारतीला काय झालंय? आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एक दिवस तिने त्याला बोलावलं. मालाच्या लिफ्टशेजारच्या भिंतीलगत ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, समोर पाण्याने काठोकाठ भरलेला काचेचा पेला. "बसा," ती म्हणाली. तो बसला. बारा वाजले, उपाहारगृहाचं सामान घेऊन लिफ्ट वर निघाली, आणि पेल्यातल्या पाण्यावर बारीक, अगदी बारीक वलयं उठली. भिंतीपलीकडेच छपाईचं मशीन होतं. ती काही म्हणाली नाही. "बघा" सुद्धा नाही. तो त्या वलयांकडे बघत राहिला आणि मग तिच्याकडे, आणि त्याला कळलं की आपण या बाईपुढे जन्मभर हरणार आणि आपली त्याला फारशी हरकत नाही. लिफ्टची वेळ बदलली. चार महिन्यांनी त्यांनी लग्न केलं. तिची पद्धत मात्र तीच राहिली. आपलं बरोबर आहे हे तिला आधीच कळलेलं असतं, आणि समोरचा आपल्या पायांनी तिथवर येईपर्यंत ती थांबते. फक्त या वेळी पेला मांडायच्या आधीच तिने पाटी लावली होती.

दुपारी मोठ्या सभागृहात सगळे जमले. थोरले साहेब माइक तोंडाच्या फार जवळ धरून बोलले, त्यामुळे त्यांचा श्वासच जास्त ऐकू आला. तिचं नाव घेतल्यावर टाळ्या झाल्या. ती उठली, फिकट निळे कपडे, बाह्या नेहमीसारख्या एकदा दुमडलेल्या, आणि बोलायच्या आधी तिने गर्दीत त्याला शोधलं. तो टाळ्या वाजवत होता. लोकांच्या माना तिच्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून तिच्याकडे वळत होत्या, टेबल टेनिसचा सामना चालावा तशा. खरेदी विभागाचा प्रमुख खांद्यावर थाप मारून म्हणाला, "आता रजेचा अर्ज घरीच द्यायचा की इथे?" तो हसला. पुरेसं हसून झाल्यावरही एक क्षण हसत राहिला. ती काय बोलली ते त्याला नंतर नीटसं आठवेना. गळ्याशी एक शीर उडत होती तेवढी आठवली, ती फार घाबरली की उडते ती. टाळ्या वाजवता वाजवता त्याला तिच्याजवळ जाऊन पाण्याचा ग्लास द्यावासा वाटला, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने भांडी घासायला घेतली. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

"शनिवारी कळलं मला," ती म्हणाली.

"आज मंगळवार."

"माहितेय."

"मला सुताराकडून कळलं. पाटी मीच धरली होती. सरळ लागलीय आता."

तिने विचारलं, "रागावलायस?"

"छे."

"मग त्या पातेल्याने काय केलंय तुझं? मघापासून तेच घासतोयस."

त्याने पातेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं. ती म्हणाली, "आधी तुला विचारायला हवं होतं. रोज ठरवत होते. पण मला वाटलं, तू लगेच म्हणशील, घे. हसून म्हणशील. आणि मग तुला खरं काय वाटलं ते मला कधीच कळणार नाही." नळ वाहत होता. तो अगदी तसंच म्हणाला असता. "अजून एक आहे," ती म्हणाली. "आधी हात पूस."

"बोल, ऐकतोय."

"हात पूस, इकडे ये, बस."

त्याने हात पुसले. ती समोर बसली आणि एका दमात बोलली. पहिली लाइन सहा महिन्यांत बंद. तिथे नवी लाइन उभी करायची, मोठ्या वेफरची. मोटारवाल्या गिऱ्हाइकांनी दोन वर्षांची मुदत दिलीय, त्याच्या आत मोठ्या वेफरवर गेलो नाही तर ते दुसरीकडे जाणार, आणि मग पहिलीच काय, दुसरी लाइनही राहणार नाही.

"बोर्डाने घातलेली अट?"

"नाही. माझा प्रस्ताव. त्यावरच त्यांनी मला निवडलं." तिने नजर हलवली नाही. खोटं बोलायची इतकी सोपी जागा होती आणि ती तिने घेतली नाही, हे त्याला तेव्हाच, त्या दुखण्याच्या ऐन मध्यावर, जाणवलं.

"मी आज सकाळी मास्तरीणबाईंना शब्द दिलाय," तो म्हणाला. "मी असेपर्यंत लाइनीला हात लागणार नाही."

"अरे, मला विचारायचंस ना आधी!"

"कुणाला विचारू? पाटीवर तर कागद होता." विनोद बरा होता, पण दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

पुढचे चार दिवस घरात दोघंही एकमेकांशी फार सौजन्याने वागली. दार उघडं धरायचं, पेपर आधी तू वाच म्हणायचं. गुरुवारी लेकीचा फोन आला, ती दूरच्या शहरात शिकवत होती. "बाबा, रुसलायस का?"

"मी? कशाला?"

"आई म्हणते घरातली सगळी भांडी आरशासारखी झालीयेत." तो हसला. "बाबा, तुला पाहिजे होतं का ते? खरं सांग."

"मला मशिनं बरी, तुला माहितेय."

"ते वाक्य नको. मला नको ते वाक्य."

फोन ठेवल्यावर त्याने राजीनामा लिहायला घेतला. तीन ओळी झाल्या, चांगल्या झाल्या, सभ्य होत्या. चौथ्या ओळीत कारण लिहायचं होतं आणि तिथे त्याचा हात थांबला. लाइन बंद होतेय म्हणून? की खुर्ची तिला मिळाली म्हणून? त्याने स्वतःला पुन्हा त्या मजल्यावर उभं केलं, सुताराच्या मागे. तो अर्धा सेकंद त्याने परत एकदा चालवून बघितला आणि आता त्याला नीट दिसलं की बोचतंय ते आडनावाआधीचं अक्षर नाहीच. बोचतोय तो ते अक्षर दिसण्याआधीचा आनंद. इतकी वर्षं आपल्याला काही नको, काही नको म्हणत आलेला माणूस त्या अर्ध्या सेकंदात लहान पोरासारखा हरखला होता, आणि ते कुणीही पाहिलं नव्हतं तरी त्याला त्याची लाज वाटत होती. त्याला ते हवं होतं. एवढंच होतं ते. त्याने कधी सांगितलं नव्हतं, मग मंडळाने तरी काय करावं आणि तिने तरी? कागद फाडला नाही, पण घडी घालून खणात टाकला.

शुक्रवारी तो पहिली लाइन मशीन-मशीन करत फिरला, आपण तिचे नसून बाहेरून कुणी तपासायला आलोय असं समजून. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. तिसऱ्या मशीनला सगळे आजोबा म्हणत. आजोबांचे सुटे भाग बनवणारी कंपनी बारा वर्षांपूर्वी बुडाली होती आणि तेव्हापासून तो त्यांच्या कड्या आणि चकत्या एका लेथवाल्याकडून करून घेत होता. चौथ्या मशीनचा एक दरवाजा विशिष्ट जागी गुडघा लावल्याशिवाय बंद होत नसे. त्याने यादी केली. पंचवीस वर्षं आपण कारखाना चालवतोय असं त्याला वाटत आलं होतं. यादी सांगत होती की पहिल्या लाइनीपुरती तरी गेली दहा वर्षं तो शुश्रूषा करतोय. बायको बरोबर होती. पेला न मांडताच बरोबर होती. पण यादी करताना त्याने आणखी एक पाहिलं. एक ऑपरेटर पंपाशेजारून जाता जाता थांबली, पंपाच्या अंगावर तळवा ठेवला, क्षणभर तसाच ठेवला आणि सोबतिणीला म्हणाली, "हा दोन दिवसांचा सोबती आहे. सांगून ठेव." कुठल्याही पडद्यावर तसं काही दिसत नव्हतं. दोन दिवसांनी, रविवारी, तो पंप बंद पडला. नव्या लाइनीवर वेफर यंत्रंच उचलतील आणि ठेवतील. पण पंप तिथेही असणार आणि त्यावर ठेवायला तळवे लागणार. ते सहा महिन्यांत तयार होत नाहीत.

सोमवारी तिच्या खोलीत पहिली बैठक झाली. तो लांब टेबलाच्या डाव्या बाजूला बसला, ती टोकाला. प्रस्ताव तिने मांडला. कुणाचं काही म्हणणं? सगळ्यांनी आपापल्या कागदांकडे पाहिलं.

"आहे, मॅडम," तो म्हणाला. हा शब्द त्याने तिच्यासाठी पहिल्यांदाच उच्चारला होता. खरेदीवाला खोकला. "लाइन बंद करायलाच हवी. दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती, ती मी होऊ दिली नाही." तिची पेन्सिल थांबली. "पण सहा महिन्यांत नाही. मला अठरा द्या." आणि त्याने मांडलं. एकेक तुकडी दुसऱ्या लाइनीवर शिकायला पाठवायची, जुन्या गिऱ्हाइकांना शेवटची मागणी नोंदवायला सांगून तेवढा माल आधी काढून घ्यायचा, रिकाम्या झालेल्या बाजूने नवी लाइन उभी करत यायचं.

तिने त्याला सोडलं नाही. मोटारवाल्यांची मुदत पाळली जाईल का? त्याने महिन्यांचा तक्ता पुढे सरकवला. माणसं किती सामावतील? एकशे चाळीसपैकी एकशे अठरा. मग तिने विचारलं, "आणि ही मशिनं अठरा महिने टिकतील याची खात्री कोण देणार?"

"मी देतो."

"माणूस हे उत्तर नाही, आकडा हवा," ती म्हणाली. हे वाक्य त्याने स्वतः हाताखालच्या इंजिनियरांना शंभर वेळा ऐकवलं असेल. त्याला राग यायला हवा होता. पण त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. समोर ती होती, तीच, पिवळ्या उजेडातली, त्याच्याशी सौजन्याने न वागणारी.

त्याने यादी पुन्हा पाहिली. आजोबा किती, चौथं किती, प्रत्येकासमोर खरा आकडा टाकला. "अठरा नाही टिकणार," तो म्हणाला. "बारा."

"बारा," तिने लिहून घेतलं. "पुढचा विषय." टेबलाखाली तिचा पाय त्याच्या पायाला लागला. चुकून लागला असेल. तिने तो लगेच काढला मात्र नाही.

उरलेली बावीस माणसं निवृत्तीला आलेली होती आणि त्यांना नवीन लाइनीवर घेता येणार नव्हतं. त्यांत मास्तरीणबाई होत्या. सगळ्यांना बुधवारी सांगायचं ठरलं, पण मास्तरीणबाईंना आपण आधी सांगायचं हे त्याने ठरवून टाकलं. मंगळवारी चहाच्या सुट्टीत तो उपाहारगृहात त्यांच्यासमोर जाऊन बसला. झग्याबाहेर त्या त्याला नेहमीच अनोळखी वाटायच्या, लहानखुऱ्या, कपाळावर टोपीचा वळ. त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी तुम्हाला शब्द दिला होता. तो मोडतोय."

मास्तरीणबाईंनी बशीतला चहा संपवला. "सर, एक बोलू? मी तुम्हाला विचारलं होतं, खरं का. लाइन वाचवा असं नव्हतं म्हटलं."

"म्हणजे?"

"मला माहीत पाहिजे होतं हो. आजोबांचा आवाज मला नाही का कळत? माझी सून काम सोडून घरी बसलीय बाळासाठी. तिला परत कामावर जायचं तर बाळाकडे मी बघणार. कधीपासून, ते तिला सांगायला नको? मी विचारलं आणि तुम्ही एकदम शब्दच दिलात. मग पुढे काय बोलणार मी?" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "रडतेय ते वेगळं. तीस वर्षं झाली. रडू तर येणारच ना."

"बारा महिने आहेत," तो म्हणाला.

"भरपूर झाले," त्या म्हणाल्या. "आता नव्या पोरींना पंप शिकवते. कान नाहीत त्यांना अजून."

तो तिथून उठला नाही. एक चहा आणखी घेतला. समोरच्या माणसाने विचारलेलं राहूनच जातं आणि आपण त्याला भलतंच काहीतरी, मोठं, गोड असं देऊन बसतो. संत्रं सोलून द्यावं तसं.

बुधवारी दोन्ही शिफ्टची माणसं एकत्र जमतील अशी वेळ धरली, दुपारी तीनची. त्याने तिला सांगितलं होतं, माझी माणसं आहेत, मी बोलतो. ती म्हणाली, निर्णय माझा आहे, मी बोलणार, तू शेजारी उभा राहा. माइक बंद पडला तेव्हा तिने तो बाजूला ठेवला आणि नुसत्या आवाजात बोलली. काय बंद होणार, कधी, का, कुणाचं काय होणार. बावीस हा आकडा तिने दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा अधिक हळू. मागून एक जण ओरडला, "आणि साहेबांनी काय केलं मग?" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो एक पाऊल पुढे झाला. "मी उशीर केला," तो म्हणाला. "तुम्हाला हे दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तेव्हा आणखी पुष्कळ जणांची सोय करता आली असती." ओरडणारा खाली बसला. प्रश्न दीड तास चालले. ती प्रत्येकाला उत्तर देत होती आणि जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणत होती. तिच्या गळ्याशी ती शीर उडत होती. या वेळी त्याने जाऊन कोपऱ्यातल्या टेबलावरून पाण्याचा ग्लास घेतला आणि सगळ्यांदेखत तिच्या हातात दिला. तिने तो एका दमात संपवला आणि पुढचा प्रश्न घेतला.

संध्याकाळी गाडी त्याने चालवली. निघाल्यावर ती म्हणाली, "मी उशीर केला असं म्हणायची काही गरज नव्हती."

"खरं होतं."

"म्हणून काय झालं?" थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "तुला हवी होती ना रे ती खुर्ची?"

त्याने गिअर बदलला. समोरच्या बसने उगाचच ब्रेक मारला. "हो," तो म्हणाला. "हवी होती. मला माहीत नव्हतं इतकी हवी होती ते."

मग तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." दुसरा सिग्नल यायच्या आत तिला झोप लागली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर उतरलेला, कंपनीची नवी मुख्य अधिकारी. वळणावर तिचं डोकं घसरत घसरत त्याच्या दंडावर आलं. तळघरातल्या पार्किंगमध्ये त्याने गाडी अगदी हलकेच जागेवर आणली आणि इंजिन बंद केलं. सोसायटीने हल्लीच तिथले दिवे बदलले होते. कुणी हललं की लागतात, दोन मिनिटं सगळं शांत राहिलं की आपोआप जातात. वर घरी जायचं होतं, स्वयंपाक व्हायचा होता, लेकीचा फोन यायचा होता. दंडाला मुंग्या येऊ लागल्या होत्या. तिचा श्वास त्याच्या बाहीवर ऊन लागत होता. दिवा गेला. त्याने नुसता हात हलवला असता तरी तो परत लागला असता. त्याने हात हलवला नाही.